महादेवाच्या डोंगरातली गेरूची चित्रं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं थोडं संपादित करून देत आहोत. बचत गटाच्या बैठकीत एकीने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

सांजेचा स्वयंपाक आटोपला असेल, नाहीतर तव्यावर भाकर असेल. भाकर उलथता उलथता ऐकलं तरी चालेल.

आपल्या विदर्भातल्या बहुतेक गावांतून कुणी ना कुणी पचमढीला जाऊन आलेलं असतं. आपण 'पचमढीला गेलो' असं म्हणत नाही, 'महादेवाला गेलो' म्हणतो. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढणारे आणि नागपंचमीला भर पावसात नागद्वारची वाट तुडवणारे बरेचसे आपल्याच भागातले असतात. त्या दिवसांत तिथल्या चहाच्या टपरीवरही आपली वऱ्हाडी ऐकू येते.

आज मी त्याच डोंगरातल्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. महादेवाच्या त्या कड्याकपारींत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रं आहेत. आपण त्यांच्या अगदी जवळून जातो आणि न बघता परत येतो. किंवा बघतो, आणि बघता बघता त्यांचं नुकसान करून येतो. ते नुकसान मी स्वतः केलेलं आहे, म्हणूनच आज बोलायला बसले आहे.

एक बाटली पाणी

बाराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही गावच्या सात-आठ जणी यात्रेला गेलो होतो. दर्शन झालं, आणि परतताना एका पोराने विचारलं, "पुरानी चित्रकारी देखोगे?" आम्ही निघालो त्याच्या मागे. झाडीतून थोडं चाललो तर एक मोठा खडक छपरासारखा पुढे आलेला. त्याच्या पोटाशी काही लालसर रेघा दिसत होत्या. नीट काही कळेना. तो पोरगा म्हणाला, "पानी मारो, फिर दिखेगा."

माझ्या हातात बाटली होती. मी खडकावर पाणी मारलं. आणि काय सांगू, तो लाल रंग असा उमलला की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनुष्य ओढलेली माणसं, शिंगवाली जनावरं, एकमेकांना धरून नाचणारी रांग. मग दुसरीने तिची बाटली मारली. पोराला आम्ही दहा-वीस रुपये दिले आणि खुशीत घरी आलो.

मागच्या वर्षी आमचा गट पुन्हा गेला. महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोन दिवस मुद्दाम थांबलो. वनखात्याच्या कचेरीत जाऊन रीतसर परवानगी काढली आणि त्यांनी दिलेला वाटाड्या घेतला. कोरकू समाजाचा तिशीतला दादा, हिंदी बोलणारा. खडकापाशी पोचण्याआधीच त्याने आम्हाला थांबवलं आणि म्हणाला, "दीदी, पानी की बोतल बैग के अंदर."

मी विचारलं, "का बरं? पाणी मारलं की चांगलं दिसतं ना?"

तो म्हणाला, "अभी अच्छा दिखता है, बाद में कभी नहीं दिखता."

त्याने मग जे समजावून सांगितलं ते आपल्याला घरच्या भिंतीवरून लगेच कळेल. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला ओल चढते. ओल सुकली की भिंतीवर पांढरा थर येतो, आपण म्हणतो लोणा लागला. काही दिवसांनी भिंतीचे पोपडे पडतात. हा वाळूचा दगडही तसाच पाणी पितो. पाण्याबरोबर दगडातले क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार चित्रावरच बसतात. आधी चित्र पांढुरकं होतं, मग दगडाचा पापुद्रा सुटतो, आणि पापुद्र्याबरोबर चित्रही जातं.

मी गप्प बसले. समोरच्या खडकावर एका जागी पांढुरका डाग होता आणि त्याच्या कडेला अर्धंच जनावर उरलं होतं. मी बाटली मारली होती तो खडक हाच की दुसरा, सांगता येणार नाही. एका बाटलीने चित्र जात नाही, हेही खरं. पण माझ्यासारख्या किती जणींनी बाटल्या मारल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

लेणी वेगळी, ही गुहा वेगळी

आता ही जागा नेमकी आहे तरी काय, ते बघू.

सातपुड्याच्या मधल्या एका भागाला महादेवाचे डोंगर म्हणतात. मध्य प्रदेशातल्या नर्मदापुरम जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबाद जिल्ह्यात, पचमढीचं पठार आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंच. जवळच धूपगड आहे, सुमारे १,३५० मीटर, सातपुड्याचं सगळ्यांत उंच शिखर. आजूबाजूला साल, साग, मोह, आवळा यांचं दाट रान आणि पाताळात गेल्यासारख्या दऱ्या.

आपल्याकडचा दगड काळा असतो. तो लाव्हारस थिजून झालेला. अजिंठ्याची लेणी त्याच काळ्या दगडात माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरली. पचमढीचा दगड मात्र वाळूचा आहे. वीस कोटी वर्षांहूनही आधी नद्यांनी वाहून आणलेली वाळू थरावर थर साचून दगड झाली. वारा, पाऊस आणि झिरपणारं पाणी यांनी त्या दगडाचे मऊ थर पोखरले, टणक थर छपरासारखे पुढे राहिले. अशा जागेला अभ्यासक 'शैलाश्रय' म्हणतात, म्हणजे खडकाचा आसरा. आपण 'कपार' म्हणू. ती कुणी कोरलेली नाही. माणसाला ती आयती मिळाली, जसं आपल्याला पावसात झाड मिळतं.

पचमढीत 'पांडव गुफा' म्हणून ज्या पाच खोल्या दाखवतात, त्या मात्र कोरलेल्या आहेत. पांडव तिथे राहिले अशी लोकांची श्रद्धा आहे. त्या बौद्ध भिक्खूंनी कोरलेल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. पाच मढ्या म्हणून पचमढी हे नाव पडलं, असं सांगतात. पुष्कळ जण त्या खोल्या बघून 'जुन्या गुहा बघितल्या' म्हणतात. पण चित्रांच्या कपारी वेगळ्या, आणि त्यांतली सगळ्यांत जुनी चित्रं या खोल्यांहून कितीतरी आधीची.

१८६२ साली जेम्स फॉर्सिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पचमढीत बायसन लॉज हे घर बांधलं. त्याने पचमढीचा 'शोध लावला' असं पुष्कळदा लिहिलेलं असतं. पण गोंड आणि कोरकू लोक त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिथे राहत होते, आणि महादेवाची यात्राही भरत होती. आपण पिढ्यान् पिढ्या ज्या विहिरीचं पाणी पितो, ती बाहेरच्या माणसाने पाहिली म्हणजे शोध लागला असं थोडंच आहे?

चित्रांचा अभ्यास मात्र पुढे सुरू झाला. १९३० नंतरच्या दशकात डी. एच. गॉर्डन यांनी पचमढीच्या चित्रांवर लेख लिहिले. त्याच सुमारास नागपूरचे जी. आर. हंटर यांनी 'डोरोथी डीप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कपारीत खोदकाम केलं. त्याचे अहवाल आपल्या नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आले. म्हणजे महादेवाच्या डोंगराची ही माहिती जगाला नागपूरमार्गे कळली. पुढे डॉ. मीनाक्षी दुबे-पाठक यांनी अनेक वर्षं ही रानं पालथी घातली, चित्रांच्या नोंदी केल्या, त्यावर पुस्तक लिहिलं. आजच्या गोंड-कोरकूंच्या चालीरीती समजून घेऊन त्यांनी चित्रांचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. एका बाईने दऱ्याखोऱ्यांत फिरून हे काम केलं, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगा.

कुणी काढली, कशाने काढली

आमच्यातल्या एका काकूंनी वाटाड्याला सरळच विचारलं, "काहो दादा, हे इतक्या वर्सांचं हाय, हे कोनाले कसं कयलं? तवा तर कोनी लिवून नाई ठेवलं."

प्रश्न अगदी बरोबर आहे. याचं उत्तरही घरच्या भिंतीवर सापडतं. आपण दर दिवाळीला भिंतीला चुना देतो. कधी पोपडा निघाला तर खाली मागच्या सालचा निळा दिसतो, त्याखाली आणखी आधीचा पिवळा. खालचा रंग जुना, वरचा नवा, हे सांगायला पंडित लागत नाही. कपारीतही चित्रावर चित्र काढलेलं आहे. खालचं जुनं, वरचं नंतरचं.

दुसरी खूण चित्रात काय आहे ती. जुन्या चित्रांत शिकार आहे, रानटी जनावरं आहेत, धनुष्यबाण आहेत. नंतरच्या चित्रांत लगाम घातलेले घोडे, त्यांवर बसलेले स्वार, तलवारी आणि ढाली येतात. घोडेस्वार आणि तलवार आली म्हणजे काळ पुढे सरकला. म्हणून सगळी चित्रं एकाच काळातली नाहीत. शिकार करून, कंदमुळं खणून जगणाऱ्या माणसांपासून ते राजांच्या लढायांपर्यंत हजारो वर्षं माणसं त्याच भिंतींवर काढत राहिली. पचमढीत या नंतरच्या काळातली चित्रंही पुष्कळ आहेत. तेव्हा कुणी प्रत्येक चित्राला 'लाखो वर्षांपूर्वीचं' म्हणत असेल तर मान डोलावू नका.

तिसरी खूण पायाखालची. कपारीतली माती थराथराने खणली की जुन्या माणसांच्या वस्तू मिळतात. हंटर यांना बारीक दगडी पाती मिळाली. वरच्या थरांत मातीच्या भांड्यांची खापरं होती, खालच्या थरांत नुसतीच पाती. ही पाती कधी कधी नखाएवढी लहान असतात. गारगोटी आणि अकीक यांसारख्या दगडांची ती काढायची आणि लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवायची. आपलं खुरपं मुठीत बसवतात, तसंच. त्यानेच कापायचं, सोलायचं, बाण करायचे. लोखंड माणसाच्या हाती यायला अजून फार अवकाश होता.

नर्मदापुरम शहराजवळ आदमगडच्या टेकडीवरही अशीच चित्रं आहेत. तिथे १९६१ साली आर. व्ही. जोशी यांच्या देखरेखीखाली खोदकाम झालं. हजारो बारीक दगडी पाती मिळाली, आणि त्यांच्यासोबत रानटी जनावरांची हाडं तशीच कुत्रा, गाय-बैल, शेळी, मेंढी यांचीही हाडं. म्हणजे शिकार करणारी माणसं हळूहळू जनावरं सांभाळायलाही लागली होती. गोठ्याची सुरुवात अशी कुठेतरी झाली असणार.

आणि रंग? लाल रंग गेरूचा. तोच गेरू, ज्याने आपण तुळशीवृंदावन सारवतो. तो लोखंडाचा अंश असलेला दगड आहे, म्हणून उन्हाने उडत नाही की कुजत नाही. पांढरा रंग पांढऱ्या मातीचा किंवा चुनखडीचा. दगडावर घासायचा, पाण्यात कालवायचा, काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा. बाजारातून काही आणायचं नव्हतं. वर छपरासारखा खडक असल्यामुळे पाऊस थेट लागला नाही, ऊन कमी लागलं, आणि रंग दगडाच्या अंगात मुरला. म्हणून तो आजपर्यंत टिकला.

चित्रांत आपलं काय आहे?

काकूंना मात्र सगळ्यांत आवडलं ते मधाचं चित्र. एक उभी शिडी, तिच्यावर चढलेला माणूस, वर अर्ध्या चंद्रासारखं लोंबणारं पोळं आणि भोवती ठिपके ठिपके. ते ठिपके म्हणजे माशा. काकू लगेच म्हणाल्या, "हे तर आग्या मोहोळ व माय!" वाटाड्या हसला. त्याच्या आजोबांनी वेलींची शिडी सोडून कड्यावरचा मध काढलेला होता. चित्रातली शिडी आणि आजोबांची शिडी यांच्यामध्ये हजारो वर्षं, पण काम तेच.

जटाशंकराजवळच्या एका कपारीला इंग्रजीत 'हार्पर्स केव्ह' म्हणतात, कारण तिथे तारांचं वाद्य वाजवणाऱ्या माणसाचं चित्र आहे. कुठे नाचणाऱ्यांची साखळी आहे, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात. मध्य भारतातल्या अशा चित्रांत बायाही दिसतात. खणणाऱ्या, टोपली वाहणाऱ्या, दळणाऱ्या. शिकारीचं चित्र मोठं आणि लक्ष वेधणारं असतं, म्हणून आपल्याला आधी तेच दिसतं. पण शिकार रोज मिळत नाही, चूल मात्र रोज पेटावी लागते. कंद, फळं, बिया, मध हे गोळा करून आणणाऱ्या हातांवर बरेचसे दिवस निघत असणार, आणि त्यांत बायांचे हात होतेच. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला भल्या पहाटे रानात जाणाऱ्या आपल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको.

ही चित्रं बायांनी काढली की पुरुषांनी, हे चित्र सांगत नाही. पण आपल्या खेड्यापाड्यांत सारवणं, भिंतीवर काढणं, रांगोळी घालणं हे काम कुणाच्या हातात आहे, ते बघा. 'काढणारा पुरुषच असेल' असं आधीच धरून चालायचं काही कारण नाही.

आणखी एक धागा सांगते. पचमढीच्या भागातले कोरकू आणि आपल्या मेळघाटातले कोरकू एकाच समाजाचे. गेलेल्या माणसांसाठी ते 'सिडोली'चा विधी करतात आणि लाकडाची कोरलेली फळी उभी करतात. तिच्यावर घोडेस्वार कोरलेला असतो. कपारीतल्या भिंतींवर नंतरच्या काळातले घोडेस्वार आणि या फळीवरचा घोडेस्वार पाहिला की वाटतं, रेघ काढणारा हात पुरता थांबलेलाच नाही. लाकडाच्या फळीवर तो अजून चालतो आहे.

कुंकवाचा प्रश्न

आता जरा नाजूक गोष्ट. आमच्याबरोबर सत्तरीच्या एक आजी होत्या. एका कपारीत दोन्ही हात वर केलेली एक आकृती होती. आजींनी कनवटीची कुंकवाची पुडी काढली आणि म्हणाल्या, "ही तर माय हाय. हिले कुंकू लावल्याबिगर मी कशी जाऊ?"

वाटाडा गडबडला. वयाच्या मानाने आजींना तो काय बोलणार? आम्हीही एकमेकींकडे बघायला लागलो. नाही म्हणावं तर आजींचं मन दुखतं, हो म्हणावं तर चित्र जातं. कुंकवात रंग असतो, तेलकटपणा असतो. एकीने लावलं की दुसरी लावते, मग उदबत्ती येते, दिवा येतो, काजळी धरते. दहा वर्षांत तिथे देव राहतो, पण चित्र राहत नाही.

शेवटी आमच्या अध्यक्षीणबाई खाली बसल्या आणि आजींना म्हणाल्या, "आजी, तुमच्या घरचं तान्हं निजलं असलं तर तुम्ही त्याले हात लावून उठवता का? दुरून बघता, मनात दृष्ट काढता. ही माय तशीच निजली हाय समजा. हिची कातडी लई नाजूक झाली हाय आता."

आजी थोडा वेळ बघत राहिल्या. मग पुडी परत कनवटीला खोचली, जागच्या जागी हात जोडले आणि म्हणाल्या, "निज माय." कुंकू त्यांनी दुसऱ्या दिवशी महादेवाच्या पायरीवर वाहिलं.

मला वाटतं, भक्ती आणि जपणूक यांचं भांडण नाही. भक्ती कुठे वाहायची, एवढंच ठरवायचं असतं. आणि ते पाटी लावून होत नाही, शेजारची बाई समजुतीने बोलली की होतं.

कायदाही आहे. राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित केलेल्या स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण रानातल्या प्रत्येक कपारीपाशी पहारेकरी नसतो. तिथे चित्राचं रक्षण बघायला येणाऱ्याच्याच हातात असतं.

जायचं असेल तर

काही गटांनी विचारलं होतं म्हणून जाण्याबद्दल थोडं सांगते.

रेल्वेने जाणाऱ्यांनी इटारसी-जबलपूर मार्गावरच्या पिपरिया स्टेशनला उतरावं. तिथून पचमढी सुमारे ५० किलोमीटर. रस्त्याने नागपूरहून छिंदवाडा, तामिया, मटकुली असं जाता येतं. घाट वळणांचा आहे, गाडी लागत असेल त्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि आल्याचा तुकडा जवळ ठेवावा.

चित्रं बघायची तर यात्रेच्या गर्दीत जाऊ नका. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात. थंडीचे दिवस चांगले. बऱ्याच कपारी सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या रानात येतात. तिथे परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रान वाघाचं, अस्वलाचं आहे. वाटाड्या तिथलाच घ्या. दोन पैसे त्या गावाला मिळतात आणि आपल्याला खरी माहिती मिळते.

चपला नकोत, पायाला धरून बसणारे बूट घाला. लुगडं-साडी असेल तर खोचून घ्या. पाणी भरपूर घ्या, पण पिण्यासाठी. खाण्याच्या पिशव्या उघड्या ठेवू नका, माकडं हिसकतात. कड्यावर आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरड तिन्ही टाळा. शौचाची सोय रानात नाही, ते पचमढीतच आटोपून निघा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना एकटं मागे ठेवू नका, चाल त्यांच्या चालीने ठेवा.

चित्रापाशी हात मागे बांधा, हा आमच्या गटाचा नियम. लहान मुलांना खेळासारखा शिकवला की ती आपल्यालाच आठवण करून देतात. खडूने रेघ ठळक करायची नाही, नाव लिहायचं नाही, टेकून फोटो काढायचा नाही. चित्र नीट दिसत नसेल तर डोळ्यांना वेळ द्या. सावलीत पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की आधी एक जनावर दिसतं, मग दुसरं, मग सगळा कळप. हे मी स्वतः अनुभवलं. पाण्याच्या बाटलीने जे एका क्षणात दिसलं होतं, ते पाच मिनिटांच्या धीराने तसंच दिसलं.

ज्यांना डोंगर चढणं झेपत नाही, त्यांच्यासाठी भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटका आहे. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली तिथल्या चित्रांचं महत्त्व ओळखलं. २००३ साली ती जागा जागतिक वारसा ठरली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनीही तिथे खोदकाम केलं आहे. तिथे बांधलेली वाट आहे, वृद्ध बायांनाही जमते.

आपल्या उंबऱ्यापाशी

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. हे सगळं फक्त दूरच्या डोंगरात आहे असं समजू नका. २००७ साली अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींना मोर्शीच्या वर, मध्य प्रदेशाच्या हद्दीत, धारूळ गावाजवळ अंबादेवीच्या परिसरात अशाच चित्रांच्या कपारी आढळल्या. तोच सातपुडा, तोच वाळूचा दगड. तोवर आजूबाजूच्या गुराख्यांनी ती चित्रं पाहिलीच नसतील असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारा. रानात कुठे रंगाच्या रेघा आहेत का? शेताच्या बांधावर घोडेस्वार कोरलेला जुना दगड आहे का? असेल तर त्याला ऑइलपेंट फासू नका. जागा कुठे आहे ते ग्रामसभेत सांगा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. तोवर हात लावू नका.

त्या कपारीतून निघताना मी वाटाड्याला माझी बारा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "दीदी, पहले हम भी पानी मारते थे. किसी ने बताया नहीं था."

मला कळलं तेव्हा मी थांबले. आता तुम्हालाही कळलं. पुढच्या शिवरात्रीला तुमच्या गावची गाडी निघेल तेव्हा त्या गाडीतल्या चार जणींना हे सांगा. नमस्कार.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या गावातली सगळ्यांत जुनी वस्तू किंवा जागा कोणती? तिची काळजी आज कोण घेतं?

२. एखाद्या जागेवर श्रद्धाही आहे आणि ती जागा नाजूकही आहे, अशा वेळी घरातल्या मोठ्यांशी कसं बोलायचं?

३. भिंतीवर चित्र काढायची आपल्या गावची जुनी रीत कोणती होती? ती येणाऱ्या आजीबाई आज गावात कोण आहेत? पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा.